बिघडलेली पहिली गोधडी: उसवायची, कापायची की नव्या गोधडीच्या पोटात घालायची?

गोधडी शिवायला लागलं की पहिल्या एक-दोन हमखास अशा होतात की पाहुण्यांसमोर अंथरवत नाहीत आणि टाकूनही देववत नाहीत. कोपरे जुळलेले नसतात, मागून चुण्या, मधे झोळ, कुठेतरी लाल कापडाचा रंग शेजारच्या पांढऱ्याला लागलेला. त्यांचं करायचं काय, हे मला बऱ्याच जणी विचारतात. तीनही प्रकार मी करून बघितलेत, त्यामुळे हे सगळं अनुभवावरून आहे, तुमचं कापड वेगळं असेल तर थोडंफार इकडेतिकडे होईल.

काहीही ठरवायच्या आधी एकदा धुऊन, उन्हात वाळवून बघा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात आणि निम्म्या चुण्या त्यातच दिसेनाशा होतात. त्यानंतरही जे डोळ्याला खुपतंय त्याचाच विचार करायचा.

पहिला रस्ता उसवण्याचा, आणि नीटनेटकं काम आवडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा हाच सुचतो. नुसता वरचा पॅचवर्कचा थर तयार असेल, अजून आतले थर जोडले नसतील, तर खुशाल उसवा, तिथे त्याला पर्याय नाही. पण टाके घालून पूर्ण झालेली गोधडी उसवायची म्हणजे आधी सगळे धावदोरे काढा, मग थर सोडवा, मग चौकोन वेगळे करा. आणि बिघाड एकाच जागी नसतो हो. एका ओळीत दहा चौकोन म्हणजे नऊ शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं की ओळ नऊ सुतांनी, म्हणजे इंचाहून जास्त आखूड पडते, म्हणून एक कोपरा जुळवायला अख्खी ओळ सोडवावी लागते.

तेही मी केलं असतं, वेळेचं मला फारसं वाटत नाही. माझं मन उडालं ते मायेवरून, म्हणजे शिवणीच्या बाहेर कडेला सोडलेल्या जास्तीच्या कापडावरून. पाव इंच माया ठेवून शिवलेला चौकोन उसवला की कडेचे धागे सुटायला लागतात, जुन्या साडीचं विरलेलं कापड असेल तर जास्तच, बोटाला लागून रेषा निघत राहतात, कडा सरळ करायला कात्री लावली की माया सूतभर उरते. तेवढ्यावर शिवलं तर दोन-चार धुण्यांत शिवण फाकते. मग जास्त माया घ्यायची म्हणून चौकोन लहान करा, एक लहान केला की सगळेच लहान करा. म्हणजे कोपरे जुळवायला बसलो आणि आधी धड असलेलं कापडच अधू करून ठेवलं. पॉपलिनसारख्या घट्ट विणीच्या कापडावर जुन्या टाक्यांची भोकंही दिसत राहतात, मऊ साडीवर ती धुतल्यावर बुजतात, पण माया काही परत येत नाही.

दुसरा रस्ता कापायचा. टेबलमॅट, पिशवी, पायपुसणं, बाळाचं दुपटं. बिघाड एका कोपऱ्यात असेल आणि बाकीची गोधडी चांगली असेल तर हे छान आहे, दुपट्याला तर खरंच छान, कारण कापड आधीच मऊ झालेलं असतं. फक्त धावदोरा कुठेही कापला की दोन्हीकडून सुटायला लागतो, त्यामुळे कापायच्या आधी रेषेच्या दोन्ही अंगांनी मशीन मारून घ्या आणि मग कडेने पट्टी लावा. पट्टीचा हिशोब आधीच करा: १२ बाय १८ इंचाच्या एका मॅटला ६० इंच पट्टी, असे सहा केले की ३० फूट. ५ बाय ७ फुटांच्या अख्ख्या गोधडीला २४ फूट पुरते. आणि आत सिंथेटिक साडी किंवा पॉलिएस्टरचा थर असेल तर गरम भांडी उतरवायला त्याचं काही करू नका, ते वितळतं.

देऊन टाकायचं म्हणाल तर जरूर द्या, पण टाके पक्के असतील तरच. दिसायला वाकडी चालेल, धुतल्यावर सुटणारी द्यायची नाही.

तिसरा रस्ता घराघरांतून चालत आलेला: जुनी गोधडी आहे तशी ठेवायची, वर एक साडी, खाली एक साडी लावायची आणि पुन्हा शिवायची. जुनी गोधडी आतला थर होते. एक सहावारी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की साधारण साडेसात फूट रुंद आणि नऊ फूट लांब कापड होतं, म्हणजे ५ बाय ७ ला एका बाजूला एक साडी पुरून वर दुमडायला भरपूर उरते. काहीच उसवायचं नाही, काही कापायचं नाही, पहिले टाके आतले थर धरून ठेवतात आणि सरावाला पुन्हा एक अख्खी गोधडी हाताखाली मिळते. दुसऱ्यांदा शिवताना आतले थर हलत नसल्यामुळे माझे टाके जास्त सारखे आले, निदान मला तरी तसं वाटलं.

अडचणी आहेतच. वजन वाढतं. साधी सुई जड जाते, लांब आणि जाड सुई घ्या, बोटात अंगुस्तान हवंच. मधला झोळ फार मोठा असेल तर तेवढीच जागा चिमटीत धरून, घडी एका बाजूला पाडून सपाट टाचून घ्या, नाहीतर वरून गाठ हाताला लागते. आतला लाल रंग फिक्या साडीतून दिसतो, म्हणून वरची साडी गडद किंवा भरगच्च छापाची निवडा आणि ती आधी वेगळी धुऊन तिचा रंग जातोय का बघा. शक्यतो सुतीच, सिंथेटिक साडी आतल्या सुती थरावर सरकते आणि परत चुण्या येतात.

मुंबई-कोकणात राहत असाल आणि वाळत घालायला नुसती बाल्कनी असेल तर मात्र नीट विचार करा, एवढी जाड गोधडी पावसाळ्यात लवकर वाळत नाही, वास धरते. तिथे कदाचित दुपटी बरी. बाकी ज्यांच्याकडे गच्ची आहे आणि दोन जुन्या सुती साड्या आहेत त्यांनी माझ्या मते उसवणीला हातच लावू नये. दिवाळी झाली की शिवायला घ्या, रोज थोडी थोडी केली तरी चालते, मे महिन्याच्या उन्हात एकदा धुऊन वाळवली की वर्षभर वापरायला मोकळी.