‘साहेब, गाडी चेक झालेलीच आहे’

सेकंडहँड बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज घेणारे आता शहाणे झालेत, तपासणी झाल्याशिवाय पैसे काढत नाहीत. डीलरही शहाणे झालेत. ते तपासणी करूनच ठेवतात.

व्यवहार साधारण असा होतो. २०१३ची बीएमडब्ल्यू ५२०डी, मीटरवर ६१ हजार, सिंगल ओनर, भाव बाजारापेक्षा लाख-दीड लाखाने कमी. टेबलावर रंगीत रिपोर्ट येतो. दोनशे मुद्दे, जवळपास सगळे हिरवे. चार-पाच पिवळे मुद्दाम ठेवलेले असतात, वायपरची रबरं, दारावरचा चरा असले, म्हणजे रिपोर्ट प्रामाणिक वाटतो. हॉर्न वाजतो का हा एक मुद्दा आणि इंजिन ठीक आहे का हाही एकच मुद्दा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, ‘कोणताही भाग न खोलता तपासणी’. घेणारा फसतो तो या टेबलावर.

स्वतःचा माणूस नेला तरी वेळ विकणारा ठरवतो. ‘अकराला या.’ साडेदहाला गाडी एक चक्कर मारून उभी केलेली असते. या गाडीतल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन सैल असेल तर खरखर ऐकू येते ती रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू केल्याकेल्या. गरम इंजिनात पुष्कळदा दबते. चेन बदलायची तर गिअरबॉक्स नाहीतर इंजिनच उतरवावं लागतं, आणि तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून अकराचं ठरलं असेल तर नऊला जा आणि बोनटवर हात ठेवा. कोमट लागलं तर आल्या पावली परत फिरा, दुसऱ्या दिवशी या.

एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी असेल तर याच वेळी, चालू करण्याआधी, टेप काढा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर तिथून हवा गळते आहे. गाडी सुरू झाली की कॉम्प्रेसर तिला मिनिटभरात उचलतो आणि पुरावा गेला. हाच कॉम्प्रेसर गळती भरून काढता काढता पुढे जळतो.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. डीलरचा मेकॅनिक इंजिनातले कोड आधीच पुसून ठेवतो, मग स्क्रीनवर ‘नो फॉल्ट’. त्यावर समाधान मानू नका. ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ ही नोंद उघडा. तिथे ९ किमी दिसले तर सकाळीच साफसफाई झाली आहे. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड पुसतो. एसी, पार्किंग सेन्सर, दारं यांच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्यांच्या वेगळ्या छोट्या कॉम्प्युटरांत, जुने कोड तसेच पडून राहतात, आणि बीएमडब्ल्यूत प्रत्येक कोडाशेजारी तो कितव्या किलोमीटरला आला तेही असतं. मीटर म्हणतं ६१,४००, पार्किंग सेन्सरचा विसरलेला कोड म्हणतो १,१८,०००. भाव करायची गरजच उरत नाही. त्यासाठी कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो आणि सगळ्या मॉड्यूलचं प्रिंटआउट घ्यावं लागतं. मोबाइलवरचं हजार रुपयांचं डोंगल इथे कामाचं नाही.

पुरात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत हा धंदा सगळ्यांना कळला, पण दर पावसाळ्यात नवा माल येतोच. आत शिरल्यावर परफ्यूमचा भपकारा आला की नाकाने सावध व्हावं. वरवरची मॅटिंग धुऊन चकाचक करतात. त्यामुळे दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी क्लिपांतून उचकटा, मॅटिंगचा कोपरा वर करा आणि खालच्या जाड फोमवर टिश्यू पेपर दाबा. फोम आठवडेच्या आठवडे ओल धरतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे मातीची रेघ राहून जाते. वायरिंगचे जुडगे या मॅटिंगखालूनच जातात. कनेक्टरची पिन ओलीने गंजून हिरवी पडायला वेळ लागतो, म्हणून असली गाडी पहिले काही महिने गुण्यागोविंदाने चालते. इंजिनाने पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, किंचित वाकलेला असू शकतो. तेव्हा शंका आली तर सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, एकच कमी भरला तर सोडून द्या.

अपघाताचं म्हणाल तर पेंटची जाडी मोजणारं यंत्र चांगलं, पण फक्त लोखंडावर चालणारं नको. एफ१० फाइव्ह सीरिजचं (वरची ५२०डी त्यातलीच) बोनट, फेंडर, दारं ॲल्युमिनियमची आहेत. तिथे ते यंत्र आकडाच दाखवत नाही आणि नेणारा ‘ओके’ लिहून मोकळा होतो. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बहुधा काढलेला आहे. पेटून विझला तरी फुटलेल्या बॅगच्या जागी रेझिस्टर, म्हणजे बॅग जागेवर आहे असं भासवणारा छोटा विद्युत भाग, लावलेला असू शकतो, तो स्कॅनरलाही फसवतो. सीटबेल्टच्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. २०१३च्या गाडीत पुढचे दोन बेल्ट २०१८चे कसे, हे विचारा.

कागदांत आरसीइतकीच चालू विमा पॉलिसी मागा. पाच वर्षं क्लेम नसेल तर एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के असतो. सिंगल ओनर, आठ वर्षांची गाडी आणि एनसीबी शून्य, म्हणजे बहुधा क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी संपून ९० दिवसांहून जास्त गाडी बिनविम्याची होती. दोन्हीची चौकशी करण्यासारखी आहे. सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर मालकाला मिळते, डीलरचा प्रिंट चालवून घेऊ नका.

तपासणारा तुम्ही शोधलेला, पैसे तुम्ही दिलेले, आणि खालून पाहायला गाडी उचलायची लिफ्ट डीलरच्या ओळखीच्या गॅरेजमधली नको. ‘गाडी आवाराबाहेर जाणार नाही’ म्हणाले तर उठा. ‘आधी टोकन, मग चेकिंग’ म्हणाले तर टोकनच्या पावतीवरच लिहून सहीशिक्का घ्या: चॅसी क्रमांक, मीटरचं रीडिंग, आणि ‘खरेदीदाराच्या तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम तीन दिवसांत परत’. व्हॉट्सॲपवरचं ‘हो साहेब, डोन्ट वरी’ पावतीच्या जागी धरू नका.