डाव्या अंगाला कलणारी आमची बोट आणि देवबागच्या खाडीकाठची दुरुस्तीची शेड

तारकर्लीला आमचं घरगुती निवास आहे आणि पाहुण्यांना कर्ली खाडीतून संगमापर्यंत, समुद्र शांत असेल तर निवतीच्या बाजूला डॉल्फिन बघायला नेण्यासाठी एक बोट आहे. १९ फुटी, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं ६० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. तीन वर्षांपूर्वी जुनीच घेतली. दिवाळीच्या गर्दीत लक्षात आलं की ती डाव्या अंगाला कलते. वेग घेतला की जास्तच. पाहुणे घाबरून उजवीकडे सरकायचे, मुलं आईला बिलगायची. प्रत्येक फेरीला माझ्या पोटात गोळा यायचा, कारण त्या बोटीत दुसऱ्यांची लेकरं बसलेली असतात.

या शेडमध्ये येण्याआधी आम्ही दोन ठिकाणी विचारलं होतं. एकाने बोट न बघताच फोनवर सांगितलं, मागे ट्रिम टॅब, म्हणजे बोट सरळ ठेवणाऱ्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्या, बसवा. दुसऱ्याने इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलायला सांगितला. दोन्ही खर्च हजारांतले, आणि बोट का कलते ते दोघांनीही सांगितलं नाही. मग एका मच्छीमार शेजाऱ्याने देवबागच्या या कारागिराकडे पाठवलं.

त्याचा पहिला प्रश्न असा होता, "वयनी, उभी असताना कलता, की धावताना?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही फक्त धावतानाच बघितलं होतं. तो म्हणाला, आदी ह्या बघूया, मगे बाकीचा. उभी असताना कलत असेल तर दोष वजनाचा. फक्त धावताना कलत असेल तर पंखा, वारा नाहीतर तळ. सगळी तपासणी या एका प्रश्नावर उभी होती, आणि आधीच्या दोघांनी तोच विचारला नव्हता.

सकाळी वारा पडलेला असताना बोट खाडीच्या संथ पाण्यात उभी केली. बोटीच्या दोन्ही काठांपासून पाण्यापर्यंतचं अंतर त्याने टेपने मोजलं. डावीकडे ९ सेंटीमीटर कमी. मग बोट रिकामी केली. बॅटरी, नांगर, साखळी, दोरखंड, लाइफ जॅकेटं, सगळं जेट्टीवर. बॅटरी आणि नांगर दोन्ही डाव्या बाजूच्या खणात होते, आम्ही सोयीसाठी तिथे ठेवलेले. परत मोजलं तर फरक ५ सेंटीमीटर. म्हणजे सामानाचा वाटा निघून गेला, पण बोटीच्या अंगातच काहीतरी जड बसलेलं होतं.

त्याने डेकवर मुठीने ठोकत ठोकत आवाज ऐकला. उजवीकडे पोकळ, डावीकडे मागच्या सीटजवळ बद्द. तिथे बारीक भोक पाडल्यावर ड्रिलच्या टोकाला ओला फोम आला. फायबरच्या बोटीत डेकखाली फोम भरतात, बोट बुडू नये म्हणून. तो पाणी सहज पीत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पितो, आणि एकदा प्यायला की सोडत नाही. आमच्याकडे पाणी आलं कुठून? आधीच्या मालकाने डावीकडे जादा सीट बसवताना डेकमध्ये स्क्रू मारले होते आणि भोकांत सिलंट भरलं नव्हतं. त्यात तळाच्या लांब आधारपट्टीतलं पाणी वाहून जायचं भोक रेझिनने बुजलेलं. त्यामुळे डावीकडचं पाणी तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपापर्यंत पोचतच नव्हतं. पंप कोरडा दिसतो म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

डेक कापून फोम काढला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. कारागिराने ते ओले तुकडे मासे तोलायच्या काट्यावर घातले. ३८ किलो. तेवढ्याच जागेत नवा कोरडा फोम बसला जेमतेम सव्वादोन किलोचा. शिवाय फोमखाली सुटं पाणीही होतं, आणि त्याची त्याला जास्त काळजी वाटली. ओला फोम जागचा हलत नाही, पण सुटं पाणी बोट जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. डॉल्फिन दिसला की आठ माणसं एकदम एका बाजूला उठतात, त्या क्षणी हे पाणीही तिकडेच गेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काम संपल्यावर बोट पाण्यात उभी सरळ दिसली. दुसरा कोणी असता तर तिथेच बिल केलं असतं. याने समुद्रावर चाचणी घेतली, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. दुपारी पश्चिमेचा वारा सुटल्यावर एकाच वेगाने एकाच पट्ट्यात आधी दक्षिणेला, मग परत उत्तरेला. जाताना वारा उजवीकडून, तेव्हा बोट किंचित उजवीकडे कलली. येताना वारा डावीकडून, तर डावीकडे, आणि जास्त. म्हणजे ती वाऱ्याकडे कलत होती. मला वाटायचं वारा बोटीला पलीकडे ढकलेल. पण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याने वाहवते म्हणून चालक सुकाणू वाऱ्याकडे धरतो, आणि खोल व्ही-आकाराच्या तळाची बोट तिकडे अंग टाकते. दिशा बदलल्यावर बाजू बदलली, तर कारण वारा. बाजू तीच राहिली, तर कारण बोटीत.

येताना जास्त कलत होती, ते वारा नसतानाही थोडं उरलं. ते पंख्यामुळे. आमचा पंखा मागून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो. तो पाण्याला एकीकडे पिळतो आणि बोट उलटीकडे, म्हणजे डावीकडे, पिळली जाते. थ्रॉटल वाढवला की वाढतं. बऱ्याच बोटींत चालक उजवीकडे बसतो त्याचं हेही एक कारण आहे. आमचं सुकाणूचं चाक मात्र डावीकडे, आणि चालवतात आमचे हे, ७८ किलोचे. उपाय साधा केला. बॅटरी उजव्या सीटखाली, नांगर आणि साखळी नाळेच्या खणात मधोमध. ट्रिम टॅब लागलेच नाहीत. आउटबोर्डला पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते तिच्याखाली जो माशाच्या परासारखा छोटा तुकडा असतो तो वळवून घेऊ का, असं यांनी विचारलं, तर तो म्हणाला, त्याने सुकाणू एका बाजूला ओढतं ते सुधारतं, कलणं नाही.

तपासणीचे १,५०० आणि डेक, फोम, फायबर मिळून २३,००० रुपये झाले. आमच्यासारख्यांना ही रक्कम मोठीच आहे, पण कापलेल्या प्रत्येक जागेचा फोटो त्याने दाखवला आणि काढलेला फोम मी स्वतः बघितला, म्हणून देताना जड गेलं नाही.

तक्रारीही आहेत. पाच दिवस सांगून अकरा लावले, तेही जानेवारीच्या ऐन हंगामात. शाळेच्या सहलींचे दोन गट आम्हाला दुसऱ्यांच्या बोटीकडे पाठवावे लागले. रेझिन नीट सुकायला वेळ लागतो हे मला पटतं, पण ते पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. लेखी बिल मागितल्यावरच मिळालं. दुपारी एक ते चार तो फोन उचलत नाही. डेकचा नवा तुकडा जुन्या रंगाशी जुळत नाही, उन्हात ठिगळ उठून दिसतं.

तरी पुढचं कामही त्याच्याकडेच दिलंय. पावसाळ्यात बोट वर ओढली की सुकाणूचं चाक उजवीकडे हलवायचं आहे.

जाणार असाल तर भरती बघून जा. शेडसमोर सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गाळ उघडा पडतो आणि बोट रुतते. आम्ही दोन तास अडकलो होतो. आणि जायच्या आदल्या दिवशी सकाळी बोट संथ पाण्यात उभी करून दोन्ही काठांचं माप घेऊन ठेवा. पहिला प्रश्न तोच येणार आहे.