लातूरच्या उन्हाळ्यात बटरवर्ट: दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या जुलैत कुरिअरने आलं तेव्हा रोप दहाच्या नाण्याएवढं होतं. आज बाहेर पारा ४१ वर आहे आणि तेच रोप वाटीभर पसरलंय. बटरवर्ट म्हणजे पिंग्विक्युला, कीटक खाणारी वनस्पती. पानांवर चिकट द्राव असतो, त्यात चिलटं अडकतात आणि पान ती जागेवरच पचवतं. कासच्या पठारावरची दवबिंदू वनस्पतीही कीटक असेच चिकटवून धरते.

आमच्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉईल वर्षभरात पांढरी होते. पहिले पंधरा दिवस तेच घातलं, तर पानांच्या कडा तपकिरी पडल्या. मग गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी कॅनमध्ये भरलं, ते जानेवारीपर्यंत पुरलं. आता इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणतो तेच डिस्टिल्ड वॉटर घालतो. आरओचं पाणी वापरायचं तर आधी टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजा, ५० पीपीएमच्या आत असतील तरच घाला. कुंडीत परलाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे दाणे), धुतलेली जाड वाळू आणि थोडं पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ). शेणखताची चिमूटसुद्धा नको.

विक्रेत्याने चिठ्ठी लावली होती ‘जायगँटिया’. त्या जातीत पानाच्या खालच्या बाजूलाही चिकट ग्रंथी असतात. मी पान उलटून बोट लावलं, तर खालून कोरडं, गुळगुळीत. शंका तिथेच आली. मार्चमध्ये जांभळट गुलाबी फूल आलं, मागे लांब शेपटीसारखी नळी. म्हणजे हे मोरानेन्सिस नावाच्या दुसऱ्या जातीचं किंवा तिचा संकर. फूल येईपर्यंत चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

नोव्हेंबरात मधोमध बारीक, जाडसर पानं येऊ लागली, चिकटपणा अजिबात नाही. रोप मरतंय असं समजून पाणी वाढवलं आणि ते कुजता कुजता वाचलं. ही त्याची हिवाळी पानं, तेव्हा पाणी अगदी कमी हवं. अशीच चार पानं बुडापासून अलगद तोडून ओल्या वाळूवर ठेवली, चारही पानांना पिल्लं फुटली.

उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा खिडकीत ठेवलंय. कूलरचे तुषार मात्र पानावर नकोत, क्षाराचे पांढरे डाग पडतात. शेजारी कढीपत्त्याची कुंडी आहे, तिच्यातली चिलटं यालाच चिकटतात. काल एका पानावर अकरा मोजली.

दोन पिल्लं अंबाजोगाईला मावशीकडे द्यायची आहेत. पण पहिला पाऊस पडू दे, तिच्याकडेही पाणी बोअरचंच आहे.