‘साहेब, नवा बोर्ड टाकलाय’

होम थिएटरचा रिसीव्हर बंद पडला, तर इंटरनेटवर ‘सर्व्हिस सेंटर’ शोधून पहिल्या दिसेल त्या नंबरला फोन लावू नका. कंपनीचा नंबर मॅन्युअलवर छापलेला असतो, तोच धरा. माझ्याकडे आलेल्या माणसाच्या टी-शर्टवर कंपनीचं नाव ठळक होतं. कंपनीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

बिघाड असा : बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा आणि आतल्या रिलेची (स्पीकर जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) ‘टक्’ यायचीच नाही. सेट प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे बिघाड ओळखून स्वतःच चालू व्हायचं थांबतो म्हणतात, तो हाच प्रकार. आउटपुटचा, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की स्पीकरच्या वायरीवर डीसी (एकाच दिशेची वीज) येतो. त्याने स्पीकरची कॉइल जळू नये म्हणून रिले जोडलाच जात नाही. कधी नुसती वायरीची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते, त्यामुळे आधी सगळ्या स्पीकर वायरी काढून सेट लावून बघावा. मी बघितला होता, फरक पडला नव्हता.

या टी-शर्टवाल्या गृहस्थाने वीज तपासायचा मीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि निदान झालं : ‘मेन बोर्ड गेला साहेब, नवाच लागेल.’ साडेअकरा हजार. बोर्ड नेला, काही दिवसांनी आणून बसवला, सेट वाजला. जुना बोर्ड मागितला तर म्हणे तो कंपनीत जमा करावा लागतो. बिल म्हणून व्हॉट्सॲपवर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

दिवाळीत सेट पुन्हा प्रोटेक्शनमध्ये गेला. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

मग सेट पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत नेला. तिथल्या काकांनी आधी मोठे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केले (सेट बंद असला तरी ते झटका देतात, घरी कुणी हात घालू नये), मग मीटर बीपवर (शॉर्ट असेल तिथे वाजतो) ठेवून एकेका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटर या दोन पायांना पिना लावत गेले. एका ठिकाणी मीटर ओरडला. काकांनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून त्या ट्रान्झिस्टरवर फिरवला, तर छापलेला नंबर निघून बोळ्यावर आला. ‘डुप्लिकेट माल,’ एवढंच म्हणाले.

झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी आतला फोटो काढून ठेवला होता. बोर्डावर बारकोडचं स्टिकर होतं, एक कोपरा फाटलेलं. समोरच्या ‘नव्या’ बोर्डावर तेच स्टिकर, तोच नंबर, तोच फाटका कोपरा. काका हसले. ‘दादा, बोर्ड तुमचाच आहे. त्याने दोन ट्रान्झिस्टर टाकले, बास.’

त्यांनी ट्रान्झिस्टरची एनपीएन-पीएनपी जोडी आणि त्याला जोडलेला, उडालेला एमिटर रेझिस्टर बदलला. थेट मेनवर न लावता 100 वॅटच्या बल्बच्या सिरीजमधून सेट चालू केला. बल्ब क्षणभर लखलखला आणि मंद झाला, म्हणजे शॉर्ट आता उरला नव्हता. तसाच पेटून राहिला असता तर पुन्हा खोलावं लागलं असतं. खर्च चौदाशे, काढलेले पार्ट पुडीत बांधून हातात.

बाकीच्यांसाठी : 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मी दोन्ही फोटो आणि यूपीआयची नोंद जोडून तक्रार दिली आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळंच निघालं.