ऑफिसचं नॅस, वर्षभर वापरल्यावर: डिस्क ठणठणीत, अ‍ॅडॉप्टरने मान टाकली

दोन डिस्क, दोन लॅन पोर्ट, आणि या सगळ्याला वीज पुरवायला मागे लोंबणारा एकच अ‍ॅडॉप्टर. सांगलीतल्या आमच्या सीए ऑफिसचं नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारी नेटवर्कवरची डिस्कपेटी, ऐन सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत बंद पडलं ते या अ‍ॅडॉप्टरपायी. डेटा जागच्या जागी होता, पण एकाही टेबलावरून फाइल उघडेना. रेड वन, हॉट स्वॅप असल्या तांत्रिक शब्दांत इथे शिरत नाही. आमचा पसारा साधा आहे: आठ-दहा कॉम्प्युटर, एक गिगाबिट स्विच आणि चार-चार टीबीच्या दोन डिस्क मिरर केलेल्या, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जातं.

नॅसला दोन वर्षांची वॉरंटी. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, अ‍ॅडॉप्टर अ‍ॅक्सेसरीत येतो, त्याला एकच वर्ष." बिलावर नाही, खोक्यावर नाही, विकणाऱ्याच्या तोंडून तर नाहीच, कुठेही हे आधी कळलेलं नव्हतं. बरं, विकत द्या म्हटलं, तर स्टॉक नाही, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. वर सल्ला असा की नॅस डिस्कसकट आणून जमा करा, तपासून सांगतो. अ‍ॅडॉप्टर तपासायला माझ्या क्लायंटांचे ताळेबंद कशाला हवेत? जॉब शीटच्या तळाला "डेटाची जबाबदारी ग्राहकाची" असं छापलेलं होतं. त्याखाली मी सही करणार नाही, असं तिथेच सांगितलं आणि पेटी उचलून परत आणली.

आता या अ‍ॅडॉप्टरबद्दल सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही रिव्ह्यूत यावर दोन ओळीसुद्धा सापडल्या नाहीत. दोन डिस्कच्या बहुतेक नॅसना १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. आमच्यावर ५ अँपिअर लिहिलंय. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही १२ व्होल्टच लागतात, म्हणून बाजारातल्या सीसीटीव्हीवाल्याकडे गेले. त्याने पहिला अ‍ॅडॉप्टर लावून बघितला, तो आतच जाईना. "ताई, ह्याचं भोक बारीक आहे." पिन बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या, डोळ्यांना अगदी सारख्या. पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. दुसरा बसला, पण डिस्क फिरायला लागल्या की नॅस आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. कारण मोठी डिस्क सुरू होताना क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास ओढते, दोन डिस्कच्या चार. अंगावर ५ अँपिअर छापलेला हलका माल तेवढ्यात मान टाकतो. तिसरा, जरा वजनदार, सहा-सातशेचा घेतला. मध्ये प्लस आहे याची मीटर लावून खात्री केली आणि नॅस उठलं. कंपनीचा ओरिजनल काही हजारांचा, तोही मिळाला तर. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर मात्र चुकूनही लावू नका, तो बहुधा १९ व्होल्टचा असतो.

तेव्हापासून दोन अ‍ॅडॉप्टर सुटे आणून ड्रॉवरमध्ये ठेवलेत. नॅस घेताना डिस्कवर इतका खल होतो, तर हा एक प्रश्न विक्रेत्याला विचाराच: अ‍ॅडॉप्टर सुटा मिळतो का, केवढ्याला, आणि आज दुकानात आहे का? उत्तर गोलमोल आलं तर ते मॉडेल सोडा. चार डिस्कच्या काही पेट्यांना चार पिनांचा वेगळाच अ‍ॅडॉप्टर येतो. तो सीसीटीव्हीवाल्याकडेही मिळायची मारामार.

त्या आठवड्यात माझं ठाम मत झालं होतं की पेटी विकून टाकायची आणि सगळं क्लाउडवर न्यायचं. ते मत बदललं ते एका एक्सेल फाइलमुळे. आमच्या एका आर्टिकलने, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाने, एका क्लायंटची घसाऱ्याची शीट उघडली, त्यात दुसऱ्याच कंपनीचे आकडे भरले आणि सेव्ह केलं. मिररचा इथे काडीचा उपयोग नाही. चुकीची फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर जाते. पण नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे फायली त्या क्षणी कशा होत्या याची नोंद, लावलेला होता. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात प्रीव्हिअस व्हर्जन्स. समोर तासातासाची यादी आली. अकराची फाइल उघडली, बघितली, परत आणली. नेटवर्कवाल्याला फोन नाही, माझा पासवर्ड नाही, त्या मुलाने स्वतःच्या टेबलावरून केलं. मला इतकं बरं वाटलं की सर्व्हिस सेंटरचा राग निम्मा उतरला.

स्नॅपशॉट जागा फार खात नाही, कारण तो फाइलची दुसरी प्रत करत नाही. बदललेला भाग नव्या जागी लिहिला जातो, जुना तसाच राहतो. एखाद्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं आणि शेअर केलेल्या फायली कुलूपबंद झाल्या, तरी त्या कॉम्प्युटरवर नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड सेव्ह केलेला नसेल तर स्नॅपशॉटला त्याचा हात पोचत नाही. म्हणून अ‍ॅडमिनचं खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही, आणि नॅस थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघडे राहिलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस जगभर गाठले होते.

टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, वेगळं. टॅलीचा डेटा नॅसवर आहे आणि चार जण एकदम काम करतात, चालतं. पण कंपनी उघडी असताना घेतलेला स्नॅपशॉट अर्धवट नोंदीसकट येऊ शकतो. त्यामुळे रात्री सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचा स्वतःचा बॅकअप घेतोच. यूपीएस घेताना त्याला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे ना हे बघा. तो असला तर लाइट गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतं. स्वस्तातल्या यूपीएसला तो बहुधा नसतो. डिस्क सीएमआरच घ्या, एसएमआर नको; एसएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा लिहिणं मंदावतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत काही डिस्क एसएमआरच्या असल्याचं उघड झालं, आणि मग सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे नाव मिळालं. विक्रेत्याला नाव नव्हे, मॉडेल नंबर विचारा.

आणि पेटीच पूर्ण गेली तर डिस्क साध्या लिनक्स कॉम्प्युटरवर वाचता येते का, हेही घेण्याआधी विचारा. आमची येते. अ‍ॅडॉप्टर मिळेपर्यंत एका क्लायंटचं ऑडिट आम्ही तसंच पुढे नेलं.

क्लाउडचं गणित मांडून बघितलं. एक टीबी डेटा ४० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला अखंड ५५ तास लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. उतरवताना १०० एमबीपीएस पूर्ण मिळाले तरी २२ तास. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी एवढं थांबणं परवडत नाही. म्हणून क्लाउडवर फक्त चालू वर्षाचं काम जातं, तेही भारतातल्या सर्व्हरवर. कंपन्यांच्या हिशोबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहेच. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. ते जुनं सगळं क्लाउडवर ठेवून महिन्याला भाडं का भरायचं? त्याला दोन एक्स्टर्नल डिस्क पुरतात, दोन्ही एन्क्रिप्ट केलेल्या.

यातली एक डिस्क कायम मिरजेत, भागीदाराच्या घरी असते. दर शनिवारी अदलाबदल. सांगलीत हे सांगायची गरज पडू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि २००५ आणि २०२१ चा पूरही लोकांनी बघितलाय. मिरर केलेल्या दोन्ही डिस्क एकाच पेटीत, म्हणजे एकाच पाण्यात. तरीही मी ओळखीच्या ऑफिसांत विचारते तेव्हा बहुतेकांचा "बॅकअप" त्याच खोलीत, त्याच टेबलाखाली असतो. याने मला खरंच काळजी वाटते. त्या डिस्कवर आपले नाही, दुसऱ्यांचे कागद आहेत.

महिन्यातून एकदा मिरजेहून आलेल्या डिस्कवरून कुठल्याही एका क्लायंटची टॅली कंपनी रिस्टोअर करतो, ट्रायल बॅलन्स काढतो आणि चालू डेटाशी जुळवतो. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या नेहमीच्या पद्धती कामाला आल्या नाहीत. वाचवलं ते कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. हे जुळवणीचं काम आमच्याकडे दर महिन्याला वेगळ्या आर्टिकलला देतो, म्हणजे ऑफिस सोडून जाण्याआधी प्रत्येकाने एकदा तरी रिस्टोअर केलेलं असतं. मागच्या महिन्यात एका कंपनीचा बॅकअप दोन आठवड्यांपासून होतच नव्हता, कारण फोल्डरचं नाव बदललं होतं. ते या जुळवणीतच सापडलं.