फुकटातलं फ्यूजन आणि ती पांढरी कड

ऐन जत्रेच्या तोंडावर माझं महिन्याच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर बंद पडलं. पैसे खात्यातून गेलेले, तरी लायसन्स चालू होईना आणि कस्टमर केअरकडून तेच ते ठरावीक उत्तर. उत्सवी नाटकाच्या एलईडी पडद्यासाठी देवळाच्या आवाराचं दृश्य द्यायचं होतं. रागारागात दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उतरवली आणि तेव्हापासून फोटोतून खोटी थ्रीडी हालचाल काढायचं सगळं काम त्यातल्या फ्यूजन या इफेक्ट्सच्या भागात चाललंय.

पद्धत साधी आहे: एका फोटोतले भाग कापून त्यांचे थर करायचे आणि ते कॅमेऱ्यापासून कमी-जास्त अंतरावर उभे करायचे. दीपस्तंभ पुढे, मंडप मधे, माड आणि आकाश मागे; नाटकातल्या विंगा-झालरी लावतो तसंच. फ्यूजनमध्ये प्रत्येक काम एका नोडचं, म्हणजे एकमेकांना जोडायच्या चौकटीचं: प्रत्येक थर इमेज प्लेन थ्रीडीवर, सगळे मर्ज थ्रीडीत एकत्र, मग कॅमेरा आणि शेवटचं चित्र काढणारा रेंडरर. थर कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब नेला तर आकारही दुप्पट करायचा. कॅमेरा जागच्या जागी वळवून काही साधत नाही, तो सरकला तरच थर एकमेकांमागून सरकतात.

खरं दुखणं आहे कड. गोव्यातल्या म्हार्दोळचा दीपस्तंभ पावसाळ्यातल्या पांढुरक्या आकाशासमोर टिपलेला. दृश्य रात्रीचं केलं आणि स्तंभाभोवती पांढरी रेघ उमटली. कडेच्या पिक्सेलांत थोडा स्तंभ, थोडं आकाश असतं; कापताना ते आकाश सोबत येतं. स्थिर चित्रात खपून जातं. थर हलला की ती रेघही चालायला लागते, आणि मोठ्या पडद्यावर ती शेवटच्या रांगेतूनही दिसते. कॅमेरा कितीही सुंदर फिरवा, ही रेघ दिसली की माझ्या लेखी सगळं फुकट!

मॅट कंट्रोल नोडमध्ये मॅट (थराचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा आकार) एक-दोन पिक्सेल आत ओढून किंचित ब्लर दिला की दीपस्तंभ स्वच्छ होतो. रंग बदलताना कलर करेक्टरमधला प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर कड पुन्हा बिघडते. माडाला मात्र हा उपाय चालत नाही, झावळ्यांची टोकंच गायब होतात. तिथे पेंट नोडमधल्या क्लोन ब्रशने झावळीचा हिरवा रंग कडेबाहेर पसरवायचा आणि मग मूळ मास्क, म्हणजे आधी कापलेला आकार, पुन्हा लावायचा. वेळ खूप जातो, पण फरक डोळ्यांना दिसतो.

नोडचा गुंता मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता, लेयरची सवय होती. आता मत पार बदललंय. एका थराची कड-दुरुस्तीची अख्खी साखळी कॉपी करून दुसऱ्याला जोडता येते, हे सुख मोठं आहे.

फुकट आवृत्तीत ३८४० बाय २१६० पर्यंत आउटपुट मिळतं, गावच्या पडद्याला तेवढं भरपूर. आकार आपोआप कापून देणारा मॅजिक मास्क आणि चित्रातलं जवळ-लांब ओळखणारा डेप्थ मॅप फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत. तिची किंमत २९५ डॉलर, पण एकदाच. हाताने बिंदू जोडत कापायचा आकार (पॉलिगॉन) काढून भागतंय तोवर मी ते देणार नाही. मॅजिक मास्कने झावळीची कड खरंच स्वच्छ निघते हे कुणी माडाच्या फोटोवर दाखवलं, तर घेईन.