पॉम्पेई बघायचं तर जाणता गाईड घेऊनच बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी आता युरोप टूरला बरीच जायला लागलीत, पण बहुतेक टूरमध्ये रोम म्हणजे कोलोसियमसमोर फोटो काढायचा आणि परत बसमध्ये बसायचं, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय. आमच्याही टूरमध्ये रोमला तसंच झालं, कानाला हेडफोन लावून चाळीसभर लोक आणि गाईड झेंडा घेऊन पुढं पुढं, काय बघितलं ते आता आठवतही नाही. टूर संपल्यावर मी, आमचे हे आणि सासूबाई असे तिघं नेपल्सला मागं थांबलो आणि जवळच्या पॉम्पेईसाठी, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेल्या जुन्या रोमन शहरासाठी, स्वतंत्र गाईड घेतली. पुरातत्त्व शिकलेली, लायसनवाली, इंग्लिश चांगलं बोलणारी बाई. पैसे बऱ्यापैकी गेले, पण अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

तिनं आधी वेसुव्हियस हा ज्वालामुखी डोंगर कुठनं दिसतो तिथं उभं केलं आणि इ.स. 79 मध्ये काय झालं ते क्रमानं सांगितलं. मला वाटायचं शहर लाव्हारसाखाली गेलं, तर तसं नाहीच, आधी तासन् तास हलक्या दगडांचा पाऊस पडला, त्या वजनानं छपरं खाली आली, आणि मग तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले त्यात उरलेले लोक गेले. महिना ऑगस्टचा असं पुस्तकात असतं, पण 2018 मध्ये एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ऑक्टोबरची तारीख मिळाली, त्यामुळं आता बरेच अभ्यासक स्फोट शरद ऋतूत झाला असं मानतात. हे सगळं तिनं पाठ केल्यासारखं नाही सांगितलं, आम्ही मध्ये मध्ये विचारायचो, ती थांबायची, परत सांगायची, आणि मी सासूबाईंना मराठीत सांगेपर्यंत दरवेळी वाट बघायची, हे मला फार आवडलं.

रस्त्यात मधेच उंच दगड का, तर रस्त्यावरनं पाणी आणि घाण वाहायची, पाय न भिजवता पलीकडं जायला ते, आणि दोन दगडांत जागा सोडलीय ती गाडीच्या चाकांसाठी. चौकातल्या पाण्याच्या हौदाचा काठ एका जागी झिजलाय, आपल्याकडं विहिरीच्या काठाला दोरानं खाच पडते तसा, कारण पाणी घेताना जो तो तिथंच हात टेकायचा. गाईड नसती तर आम्ही तिथनं सरळ पुढं गेलो असतो की! बेकरीत काळ्या दगडाची मोठी जाती आहेत, माणसापेक्षा थोडीच बुटकी, सासूबाईंनी सांगायच्या आधीच ओळखलं आणि ओढायचं कोण म्हणून विचारलं, तर गाढवं. अशाच एका बेकरीच्या भट्टीत 1862 मध्ये 81 पाव मिळाले, जळून कोळसा झालेले पण आकार तसाच. माणसांचे प्लास्टरचे ठसे आहेत तिथं (अंग कुजून राखेत उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायची पद्धत फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञानं 1863 मध्ये सुरू केली) तिथं मात्र ती म्हणाली, ही खरी माणसं आहेत, सेल्फी नको. बरोबर बोलली.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. आम्ही भारतातनं आलोय कळल्यावर तिनं मुख्य रस्त्यावरच्या एका घरासमोर नेलं, 1938 मध्ये तिथं आपल्याकडची हस्तिदंती मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंच, लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध आहे पण बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्यात, म्हणून ती तिकडनंच गेली असावी असं काहींचं मत आहे. अंगावर काटा आला ऐकून. मग यांनी तिला कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या ब्राँझ मूर्तीबद्दल सांगितलं, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे ती, तर बाईनं लगेच वही काढून लिहून घेतलं. एवढी शिकलेली पण पाहुण्यांकडनं शिकायची तयारी, असा गाईड मिळायला पाहिजे.

आता कमी काय ते पण सांगते. जागा 66 हेक्टरची, अर्ध्या दिवसाच्या बुकिंगमध्ये निम्मंही होत नाही, आमचं ॲम्फीथिएटर घाईत झालं आणि व्हिला ऑफ मिस्टरीज हा भित्तिचित्रांचा वाडा राहूनच गेला, तेव्हा पूर्ण दिवसाचंच बुक करा. सावली फार कमी, दगड वरखाली, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगून ठेवा, व्हीलचेअर जाईल असा सपाट मार्ग केलाय, तिनं सासूबाईंना बराचसा तिकडनंच नेलं. तिकीट वेगळं काढावं लागतं, नावावर असतं आणि दिवसाला 20,000 लोकांनाच सोडतात, पासपोर्ट जवळ ठेवा. नेपल्सहून लोकल ट्रेननं पॉम्पेई स्कावी स्टेशनला उतरलं की गेट जवळच, पण बाहेर गाईड-गाईड म्हणून मागं लागतात त्यांना आधी लायसनचं कार्ड दाखवायला सांगा.

आणि ती हस्तिदंती मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, तिथल्या 'सीक्रेट कॅबिनेट' नावाच्या वेगळ्या दालनात, आत गेल्या गेल्या विचारून घ्या नाहीतर राहून जाईल. म्युझियम मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून प्लॅन करा.